हळद कुणाकुणाला लागते

शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडलं होतं. आईने साबण लावला आणि पिवळा डाग एकदम लालभडक झाला. मी घाबरलो, ती हसली. "उन्हात टाक, जातो." संध्याकाळपर्यंत डाग खरोखरच विरला. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते या लाल होण्याच्या गुणावरच, हे नंतर कळलं. हळदीतलं मुख्य रंगद्रव्य म्हणजे कुरकुमिन. ते अल्कलीत लाल होतं आणि उन्हात तुटतं. या रेणूवर जगभर जो वाद पेटला, त्याची निम्मी उकल त्या सदऱ्यावरच होती, हे कळायला मात्र मला निम्मं आयुष्य लागलं.

हिंगोलीकरांना हळदीची ओळख नको. संत नामदेव मार्केट यार्डातले ढीग सगळ्यांनी पाहिलेत, आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचंही सगळ्यांना ठाऊक आहे. मला थांबायचंय ते हळद शिजते त्या जागी. पाण्यावर फेस येतो, उग्र वासाची पांढरी वाफ निघते, कुणीतरी कंदात काडी टोचून बघतं. आत तेव्हा पिष्ट फुलत असतं, रंग सारखा पसरत असतो, कोंबाचे डोळे मरत असतात आणि विकरं, म्हणजे एंझाइम, कायमची बंद पडत असतात. कुरकुमिन घडवलेलं असतं ते याच विकरांनी. २००९ मध्ये टोकियोच्या संशोधकांनी ती ओळखली: एक विकर अर्धा सांगाडा बांधतं, दुसरं उरलेला अर्धा जोडतं. म्हणजे कारागिरांना उकळत्या पाण्यात घालवून आपण त्यांचा माल बाजारात नेतो.

आता पेटंटचं प्रकरण. गोष्ट सर्वांना माहीत आहे, पण कागद वाचले की ती जरा वेगळी दिसते. २८ मार्च १९९५ रोजी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. क्रमांक ५४०१५०४. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे, सुमन दास आणि हरिहर कोहली. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या भारताच्या सरकारी संशोधन परिषदेचे महासंचालक होते. सीएसआयआरने १९९६ मध्ये आव्हान दिलं आणि ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यात जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३चा एक निबंधही होता. हा निबंध मला सगळ्यात आवडतो. आजीच्या बटव्याला अमेरिकी कार्यालयात उभं राहायला छापील साक्षीदार लागला, तो असा मिळाला. १९९७ मध्ये पेटंट रद्द ठरलं.

आपण जल्लोष केला, आणि करायलाच हवा होता. पण सिद्ध काय झालं? हळदीचा हा उपयोग नवा नाही, एवढंच. जखम भरते की नाही, हा प्रश्न तिथे नव्हताच. आपण मात्र अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालो. हळद जुनी ठरली, म्हणजे गुणकारीही ठरली, असं आपणच धरून चाललो.

खरी परीक्षा पेशीत, तिथल्या प्रथिनांवर व्हायची होती. प्रथिन तयार झालं की काम संपत नाही; त्यावर पुढे चिकटवाचिकटवी होते आणि त्याचं वागणं बदलतं. 'तीन महिन्यांची साखर' तपासतात तेव्हा हेच मोजतात: हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली. ती साखर विकराशिवाय आपोआप चिकटते. पण पेशी बरीचशी चिकटवणी विकरांकडून, मोजूनमापून करून घेते. डीएनएचा दोरा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. पी-३०० हे विकर त्या रिळांना ॲसिटिलचा गट लावतं, गुंडाळी सैल होते, बंद जनुकं वाचता येतात. कर्करोगात आणि फुगलेल्या हृदयात हा हिशेब बिघडलेला सापडतो. २००४ मध्ये बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या तपस कुंडू यांच्या गटाने दाखवलं की कुरकुमिन पी-३००ला अडवतं. २००८ मध्ये क्योटोच्या संशोधकांनी याच मार्गाने उंदरांमधला हृदयाचा बिघाड रोखल्याचं सांगितलं. वाचून मी हरखलो.

मग खोच निघाली. कुरकुमिन पी-३००ला अडवतं ते बहुधा त्यालाच रासायनिक बंधाने चिकटून. आणि हा रेणू तर ज्याला-त्याला लागतो! आपल्याकडे अंगाला हळद लागते ती एकाच लग्नाची. इथे दिसेल त्या प्रथिनाला. शिवाय तो स्वतः चमकतो, धातू पकडतो, पेशीचं आवरण ढवळतो, त्यामुळे चाचणीत 'गुण आला' असा भासही निर्माण करतो. २०१७ मध्ये कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी हे सगळं एका लेखात मांडलं. माणसांवरची शंभराहून अधिक परीक्षणं पाहून त्यांनी लिहिलं की दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून, खोट्या गोळीशी तुलना केलेलं एकही यशस्वी नाही. कुरकुमिनचे समर्थक चिडले. मला लेखकांचं म्हणणं पटतं. शरीराइतक्या उबदार, किंचित अल्कली साध्या द्रावणात अर्ध्या तासात नव्वद टक्के कुरकुमिन तुटतं, हे १९९७ मध्येच छापून आलं होतं. माझ्या सदऱ्याने ते आधीच सांगितलं होतं. आतड्यातून रक्तात जातं तेही नगण्य. पी हळद आणि हो गोरी!

हळदीच्या पुडीतून विकरावर हमखास होणारा परिणाम वेगळाच आहे. बांगलादेशात कंद पॉलिश करताना पिवळेपणासाठी लेड क्रोमेट लावत. त्यातलं शिसं रक्तातलं हीम घडवणाऱ्या विकराला बंद पाडतं. पोरांच्या मेंदूचं नुकसान करतं. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत ही भेसळ होती. छापे पडले, लोकांना सांगितलं गेलं आणि २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आलं. विकराचं भलं करायला इथे कुणाला नवा रेणू शोधावा लागला नाही.

म्हणूनच यार्डातली एक साधी रीत मला फार आवडते. ढिगातून एक हळकुंड उचलायचं, कट्कन मोडायचं आणि आतला रंग बघायचा. वरचा रंग पाहून बोली लावणारा तिथे कच्चाच समजला जातो.