ओझ्याच्या गाडीचें इंधन

कुंभवली हें पालघर जिल्ह्यांतील गांव बोईसर स्टेशनापासून फार दूर नाहीं. तारापूरची औद्योगिक वसाहत ज्या गांवांच्या शिवारांत वसली आहे, त्यांपैकीं हें एक. वसाहतींत पोलादाचे, कापडाचे, औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत. पलीकडे समुद्रकांठीं १९६९ सालीं सुरू झालेलें अणुविद्युत् केंद्र आहे. ह्या कारखान्यांचा कच्चा माल येतो आणि पक्का माल जातो, तो बहुतेक डिझेलवर चालणाऱ्या गाड्यांतून. मुंबई-अहमदाबाद महामार्ग चिल्हार फाट्यापाशीं सोडून लांबलचक ट्रेलर बोईसरकडे वळतात. त्यांच्याच मागेंपुढें लहान पिकअप गाड्या धांवत असतात. कोणाच्या पाठीवर पोतीं असतात, तर कोणाच्या मागें आंकड्याला अडकविलेलें दोन चाकांवरचें जनित्र किंवा कॉम्प्रेसर असतो.

अशा गाड्यांचे मालक आणि चालक एकत्र जमले कीं पहिला प्रश्न ठरलेला असतो : “गाडी अ‍ॅव्हरेज किती देते ?” एका लिटरांत १२ किलोमीटर जाणारी गाडी गुणी आणि ३ किलोमीटर जाणारी खादाड, असा सर्वसाधारण समज आहे. माणसें नेणाऱ्या मोटारीपुरता तो ठीक आहे. ओझें ओढणाऱ्या गाडीला तो लावला म्हणजे मात्र हिशेब चुकतो. डिझेल हा ह्या धंद्यांतील रोजचा मोठा खर्च. तेथें हिशेब चुकला कीं आधीं गाडीचा हप्ता थकतो आणि मागाहून गाडीच हातची जाते. म्हणून ओढणाऱ्या गाडीचें इंधन नेमकें कोठें खर्चीं पडतें, हें नीट पाहणें अगत्याचें आहे.

ओझ्याच्या कामाला डिझेल इंजिनच कां पसंत करतात, हें प्रथम पाहूं. जर्मन इंजिनियर रूडॉल्फ डिझेल ह्यानें १८९२ सालीं आपल्या कल्पनेचें पेटंट मागितलें आणि १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें त्याचें इंजिन चाचणीस उतरलें. इंधनांतील उष्णतेचा सुमारें २६ टक्के भाग त्या इंजिनानें कामांत आणून दाखविला. बहुतेक वाफेचीं इंजिनें त्या काळीं ह्याच्या निम्म्यालाहि पोंचत नव्हतीं.

ह्यांतील मर्म समजावयास घरांतील उदाहरण पुरेसें आहे. सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें बंद करून दांडा जोरानें लोटला तर पंपाची नळी ऊन होते. दाबली जाणारी हवा तापते, हेंच त्याचें कारण. डिझेल इंजिनांत हवा तिच्या मूळ आकाराच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. ती पांचशें अंशांहून अधिक तापते आणि तींत डिझेलचा बारीक फवारा सोडतांच तो आपोआप पेट घेतो. पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणें येथें विजेची ठिणगी लागत नाहीं. दाब अधिक म्हणून उष्णतेचा उपयोगहि अधिक. शिवाय इंजिनाचे फेरे मंद असतांनाहि चाकाला मिळणारा पीळ मोठा असतो, आणि ओझें जाग्यावरून हलवावयास तोच लागतो. जळलेल्या वायूच्याच जोरावर इंजिनांत जास्त हवा कोंबण्याची युक्ति स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी ह्यानें १९०५ सालीं पेटंट केली. आज लहान पिकअपमध्येंहि ती ‘टर्बो’ ह्या नांवानें बसलेली असते.

महाराष्ट्राला हें इंजिन परकें नाहीं. किर्लोस्करांनीं १९४६ सालीं पुण्यास ऑइल इंजिनांची स्वतंत्र कंपनी काढली. १९५८ सालीं फिरोदियांच्या पुढाकारानें बजाज टेंपो कंपनी स्थापन झाली. तिनें जर्मनींतील ‘टेंपो’ कारखान्याशीं सहकार्य केलें आणि त्या कारखान्याचें नांव मराठींत कोणत्याहि लहान मालगाडीला कायमचें चिकटलें.

आतां प्रत्यक्ष खर्चाकडे वळूं. हिशेबासाठीं मालासह ३ टन वजनाचा एक पिकअप घेऊं आणि त्याच्यामागें मालासह २ टनांचा ट्रेलर जोडूं. एकूण वजन ५ टन. ह्या गाडीच्या इंधनाला चार गिऱ्हाइकें असतात : टायर, वारा, चढ आणि ब्रेक.

पहिलें गिऱ्हाईक टायर. रबर जमिनीला टेकतांना दबतें आणि सुटतांना फुगतें. ह्या दबण्याफुगण्यांत शक्ति खर्च होते. चांगल्या डांबरी रस्त्यावर दर टनामागें सुमारें १० किलो ओढ लागते, असें धरावयास हरकत नाहीं. म्हणजे ५ टनांना ५० किलो. वेग वाढला तरी ही ओढ फारशी वाढत नाहीं. पण टायरांत हवा कमी असली, किंवा रस्ता खड्ड्यांनीं भरला असला, कीं ती चटकन वाढते. पिकअपच्या चाकांची हवा चालक पाहतो. ट्रेलरच्या चाकांकडे पुष्कळदां कोणीच पाहत नाहीं. ह्या दुर्लक्षाची किंमत दर किलोमीटरला द्यावी लागते.

दुसरें गिऱ्हाईक वारा, आणि हें फार लोभी आहे. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ६० किलोमीटरांच्या वेगास, मागें उंच पेटीसारखा ट्रेलर असतांना, हा अडथळा सुमारें ४० किलो असतो. वेग ८० वर नेला कीं तो ७० किलोंच्या वर जातो. टायरांचे ५० किलो मिळविले तर एकूण ओढ ९० वरून १२० वर गेली. डिझेलहि त्याच मानानें, म्हणजे दर किलोमीटरला सुमारें एक तृतीयांशानें, वाढतें. मिळालें काय ? वीस किलोमीटरांच्या अंतरांत पांच मिनिटें. येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वाऱ्याला वजन कळत नाहीं, आकार कळतो. रिकामा उंच ट्रेलर भरलेल्या ट्रेलराइतकाच वारा अडवितो. उलट, ठेंगणें जनित्र पिकअपच्या आडोशानें जवळजवळ फुकट जातें.

तिसरें गिऱ्हाईक चढ. वीस मीटर अंतरांत एक मीटर उंची गांठणारा रस्ता डोळ्यांना फारसा उभा वाटत नाहीं. पण तेथें दर टनाला ५० किलो ओढ जास्त लागते. ५ टनांना २५० किलो, म्हणजे सपाटीवर टायरांना लागते त्याच्या पांचपट. एका लिटर डिझेलमधील शक्तीचा तीस टक्क्यांच्या आसपास भाग चाकांपर्यंत पोंचतो असें धरलें, तर ५ टन ओझें १०० मीटर उंच चढविण्यास सुमारें अर्धा लिटर डिझेल जळतें. पालघरहून मनोरकडे जातांना वाघोबाच्या खिंडींत भरलेल्या गाडीचा आवाज कां बदलतो, हें ह्यावरून कळेल. हा खर्च टाळतां येत नाहीं. मात्र तो सारा वायांहि जात नाहीं. चढविलेली शक्ति उतरतांना परत मिळते, पण ती ब्रेकला दिली नाहीं तरच.

चौथें गिऱ्हाईक हेंच ब्रेक. ५ टनांची गाडी ताशीं ६० च्या वेगानें धांवत असतां ब्रेक लावून थांबविली, तर तिला दिलेली सगळी गति उष्णता होऊन हवेंत उडून जाते. तीच गति पुन्हां आणावयास सुमारें ६० ते ६५ मिलिलिटर डिझेल लागतें; म्हणजे टपरीवरच्या एका लहान चहाच्या पेल्याइतकें. असे पंधरा-सोळा थांबे झाले कीं एक लिटर संपलें. चाळीस टनांच्या ट्रेलरचा तसा एकच थांबा ५०० मिलिलिटरांच्या घरांत जातो. पुढील वाहनापासून अंतर राखणारा, लांबवरचा गतिरोधक ओळखून आधींच पाय काढणारा चालक मालकाचे पैसे कसे वांचवितो, तें ह्यांत आहे. इंजिन सारखें, ओझें सारखें, रस्ता सारखा. फरक उजव्या पायाचा.

ह्या चौघांशिवाय इंजिनाचें स्वतःचें पोट आहे. दट्टे वरखालीं करणें, पाण्याचा आणि तेलाचा पंप फिरविणें, ह्याला गाडी रिकामी असो वा भरलेली, जवळजवळ तितकेंच इंधन लागतें. म्हणून माल दुप्पट झाला तरी इंधन दुप्पट होत नाहीं. ओझ्याच्या गाडीच्या हिशेबाची सारी किल्ली ह्या एका वाक्यांत आहे.

किलोमीटरांऐवजीं आतां टन-किलोमीटर मोजून पाहूं. एक टन माल एक किलोमीटर नेणें म्हणजे एक टन-किलोमीटर. दीड टन माल घेऊन एका लिटरांत १२ किलोमीटर जाणाऱ्या पिकअपनें एका लिटरांत १८ टन-किलोमीटर काम केलें. त्याच्यामागें दीड टन मालाचा ट्रेलर लावला आणि गाडी ९ किलोमीटरांवर आली, असें धरूं. चालक हळहळेल, पण आतां माल तीन टन आहे आणि काम २७ टन-किलोमीटर झालें. सत्तावीस टन माल घेऊन लिटरला ३ च किलोमीटर जाणारा मोठा ट्रेलर ८१ टन-किलोमीटर काम करतो. ज्याला खादाड म्हटलें तोच ह्या तिघांत सर्वांत मितव्ययी ठरला. आगगाडीचें पोलादी चाक पोलादी रुळावर धांवतें. तेथें टनामागें ओढ एक-दोन किलोच लागते, म्हणून ती ह्या सर्वांच्या पुढें आहे.

अमेरिकेंत मोठाले डिझेल पिकअप घोड्यांचे, नावांचे आणि शेतीच्या अवजारांचे जड ट्रेलर ओढतात. तेथें विक्रीच्या मोटारीवर इंधनाचा सरकारी आंकडा चिकटविण्याचा नियम आहे; पण मालासह ८,५०० पौंडांहून, म्हणजे सुमारें ३,८५० किलोंहून, जास्त वजनास पात्र असलेल्या पिकअपना तो लागू नाहीं. ट्रेलर कोणता, किती जड, किती उंच, ह्यावर सारें अवलंबून असल्यामुळें रिकाम्या गाडीचा आंकडा तेथें फारसा उपयोगीहि पडला नसता.

खरी उधळपट्टी होते ती रिकाम्या परतीच्या फेरींत. वरील पिकअप शंभर किलोमीटर माल घेऊन गेला आणि लिटरला १५ च्या हिशेबानें रिकामा परत आला, तर जातांना ८.३ आणि येतांना ६.७, मिळून १५ लिटर डिझेल लागलें. काम झालें १५० टन-किलोमीटर. अठराचा आंकडा दहावर उतरला. इंजिनांत कितीहि सुधारणा केली तरी एका भाडेकऱ्याअभावीं होणारें हें नुकसान ती भरून काढूं शकत नाहीं. तीच गोष्ट कारखान्याच्या दारांतील आणि वजनकांट्यावरील रांगेची. मोठ्या गाडीचें इंजिन नुसतें चालू ठेवलें तरी तासाला सुमारें दोन लिटर डिझेल जातें, आणि त्या तासांत गाडी एक पाऊलहि पुढें गेलेली नसते.

मात्र काटकसरीच्या नांवाखालीं दोन घातक गोष्टी रूढ आहेत. त्यांतली एक म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणें. जुन्या काळीं तिचें समर्थन होत असे. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्यें ठेवून पाय काढला कीं फवारा आपोआप बंद होतो. डिझेल अजिबात लागत नाहीं. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन जिवंत ठेवण्यापुरतें डिझेल जळतच राहतें. म्हणजे बचत नाहींच, उलट खर्च. त्याहून वाईट हें कीं, इंजिनाची रोख नाहींशी होऊन सारा भार ब्रेकवर पडतो, ते तापतात आणि ऐन वळणावर धरेनासे होतात. मागें ट्रेलर असला तर तो गाडीला पुढें ढकलतो. पांच रुपयांचें डिझेल वांचविण्याच्या भ्रमांत माणसाचा जीव पणास लावणें ह्याला काटकसर म्हणत नाहींत.

दुसरी गोष्ट अतिभाराची. माल जितका जास्त तितकें दर टनाचें इंधन कमी, हें वर सिद्ध झालें. पण तें गाडीच्या मंजूर वजनाच्या आंत. टायर, कमानी आणि ब्रेक ज्या वजनासाठीं घडविले, तें ओलांडलें कीं वांचलेलें डिझेल टायरांच्या बिलांत जातें. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत अतिभाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड ठेवला आहे. ट्रेलर ओढावयाचा तोहि गाडीला मंजूर असेल तेवढाच.

शहरांतील कुटुंबाला ह्या साऱ्याशीं काय कर्तव्य, असें श्रोत्यांपैकीं कोणी विचारील. स्वयंपाकघरांतील पोलादी भांडें, औषधाची गोळी, अंगावरचें कापड, ह्या प्रत्येकाच्या किंमतींत कोठल्या तरी रस्त्यावर जळलेल्या डिझेलचा वांटा असतो. घर बदलतांना टेंपो ठरवावा लागतो, तेव्हां तर हा हिशेब थेट दाराशीं येतो. अर्ध्या भरलेल्या दोन फेऱ्यांपेक्षां बेतानें भरलेली एक फेरी स्वस्त पडते. परतीचें भाडें मिळण्याची सवड चालकाला दिली तर तो दरहि कमी सांगतो. आणि सामान उतरवीपर्यंत इंजिन बंद ठेवावयास सांगितलें, तर त्याचें डिझेल वांचतें आणि गल्लींतल्या लोकांना धूरहि खावा लागत नाहीं.