रोज एक तारीख

मराठीत तारीख म्हणजे कॅलेंडरातला दिवस. उर्दूत त्याच शब्दाचा अर्थ दिवस असाही होतो आणि इतिहास असाही. दोन्ही भाषा शिकवताना आम्हांला या शब्दाचा फार उपयोग होतो. फळ्यावर रोज तारीख लिहावीच लागते. ती लिहून झाल्यावर जुन्या काळातली एक लहानशी गोष्ट सांगितली, तर दोन मिनिटे जातात आणि मुले ती गोष्ट घरी घेऊन जातात. हे काम घरी तर आणखी चांगले होते. पाच ते दहा वर्षांच्या मुलांच्या अम्मी-अब्बूंसाठी, आणि त्यांच्याहून जास्त दादी-नानींसाठी, आम्ही हे लिहीत आहोत.

वेळ कोणतीही चालेल. मगरिबनंतर दस्तरखान पसरेपर्यंतची वेळ आम्हांला बरी वाटते. गोष्ट एकच सांगावी, दोन-चार वाक्यांची. तीत एक माणूस असावा, एक जागा असावी आणि जमल्यास मुलाला हात लावता येईल अशी एखादी वस्तू. सन सांगावा, पण तो पाठ करून घेऊ नये. सहा वर्षांच्या मुलाला १६२६ आणि १८२६ यांतला फरक कळत नाही. त्याला पिढ्या कळतात. एक दोरी घ्यावी आणि तिला गाठी माराव्यात: ही तुझी, ही अम्मीची, ही नानीची, ही नानीच्या अम्मीची. एका गाठीला पंचवीस वर्षे धरली, तर सोळा गाठी मागे गेल्यावर मलिक अंबर भेटतो.

मलिक अंबरची गोष्ट लहान मुलांना फार धरून ठेवते. इथिओपियात जन्मलेले मूल गुलाम म्हणून विकले गेले, दख्खनला आले आणि पुढे निजामशाहीचा वजीर झाले. त्याने खडकी शहर वसवले. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे त्याने जमिनीखालून नळ टाकून दुरून पाणी आणले, ती नहर-ए-अंबरी. १६२६ मध्ये त्याचे निधन झाले. मजार खुलदाबादला आहे. गोष्ट संपते न संपते तोच कुणी तरी विचारते, "पण त्याची अम्मी कुठे होती?" या प्रश्नावरून घाईने पुढे जाऊ नये. गुलामांच्या बाजारात मुले आईपासून तोडली जात, एवढे सरळ सांगावे. नहरीपेक्षा तेच मुलांच्या जास्त लक्षात राहते.

ही नुसती करमणूक नव्हे. चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास येतो. एखाद्या संध्याकाळी मूल दप्तर टाकता टाकता विचारते, "अब्बू, अफजलखान आपला होता का?" प्रश्न कधी त्याचा स्वतःचा असतो, कधी मधल्या सुट्टीत कुणी तरी त्याच्या कानात घातलेला. बहुतेक घरांत यावर "गप्प बस, जेव आधी" एवढेच उत्तर मिळते. आईबापांची अडचण आम्हांला समजते, पण त्या गप्प बसण्याचा अर्थ मूल बरोबर लावते: हे पुस्तक दुसऱ्याचे आहे, आपण यातले नाही. मग पुढची सहा वर्षे ते इतिहासाच्या तासाला मान खाली घालून बसते. उत्तर त्याच दिवशी शोधून सापडत नाही. त्याची तयारी तीन-चार वर्षे आधीपासून, रोज थोडी थोडी, व्हावी लागते.

तर काय सांगावे? प्रतापगडची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची. खानाचा वकील म्हणून आलेला माणूस होता कृष्णाजी भास्कर. खानाच्या बाजूला मराठे सरदारही होते. इकडे शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होते, पायदळाचे सरनोबत नूरबेग होते, चिटणिशीत काजी हैदर होते. खानाची कबर आजही प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे. त्याच्या मागची एक गाठ सोडवली की १६२४ ची भातवडीची लढाई येते. ही भातवडी अहमदनगरजवळ, आताच्या अहिल्यानगरजवळ. तिथे एका बाजूला मुघल आणि आदिलशाही फौजा होत्या, दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा मलिक अंबर आणि त्याच्या सोबत शहाजीराजे. शहाजी आणि शरीफजी ही भावांची नावे मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ यांच्या नावावरून ठेवली, अशी परंपरा सांगतात. एवढे ऐकलेले मूल "आपला की त्यांचा" या प्रश्नावर स्वतःच म्हणते, "तो आदिलशाहीचा होता." उत्तर बरोबर आहे.

इथे एक सावधगिरी हवी. काही घरांत उत्साहाच्या भरात फक्त "आपल्या" थोरांची यादी मुलांना पाठ करवली जाते. मग इतिहास क्रिकेटच्या धावफलकासारखा होतो, आणि मूल वर्गात जाऊन धावा मोजू लागते. मोबाईलवर आलेले सगळे सांगू नये, ते आपल्या बाजूचे असले तरीही. फातिमा शेख यांचेच पाहा. जानेवारी आला की त्यांच्या वाढदिवसाचे संदेश फिरू लागतात. आम्ही मुलांना दुसरी तारीख सांगतो, १० ऑक्टोबर १८५६. त्या दिवशी माहेरी, नायगावला आजारी असलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपण नसल्यामुळे फातिमेवर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असे त्यात आहे. मैत्रिणीवरचा भरवसा मुलांना लगेच कळतो, आणि आधार म्हणजे काय हेही: हे कुणी पाहिले, कुठे लिहिले, एवढे विचारायची सवय लागते.

सगळे विषय असे जड नसावेत. मिरची पोर्तुगीजांमार्फत अमेरिकेकडून आली. त्याआधी इथे तिखटासाठी मिरी होती, हे खिम्याचा घास तोंडात असताना सांगून पाहा. दप्तर, कागद, शाई, खुर्ची हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले, आणि आपले एक, दोन, तीनचे आकडे भारतातून अरबांकडे गेले. तिथे त्यांना हिंदी आकडे म्हणतात. घरात कुणी हजहून आले की जुबैदाची गोष्ट सांगावी. हारून अल-रशीद यांच्या या बेगमेने कूफ्यापासून मक्केपर्यंतच्या वाटेवर हाजींसाठी विहिरी आणि तळी बांधवली. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी का येतो, हे विचारल्यावर हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे आणि गणना ६२२ च्या हिजरतीपासूनची, हे चंद्र दाखवून सांगता येते. त्या गणनेची सुरुवात हजरत उमर (रजि.) यांच्या काळात झाली.

दादींनी आपल्या आठवणीही सांगाव्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप लातूर-उस्मानाबादकडच्या दादीने सांगितला, तर कोणत्याही पुस्तकाहून भारी. मात्र काही तारखा लहान वयाच्या नाहीत. मराठवाड्यातल्या कित्येक मुस्लिम घरांत सप्टेंबर १९४८ चा विषय अजून दबक्या आवाजात निघतो. तो सात वर्षांच्या मुलापुढे अर्धवट काढू नये. तेराव्या-चौदाव्या वर्षी, शांतपणे, दोन्हीकडचा आणि पुरता सांगावा. अर्धवट ऐकलेले भय मुले उशाशी घेऊन झोपतात.

रोज नवी गोष्ट सुचत नाही, असे अम्मी सांगतात. रोज नवीच हवी असे नाही. मुलांना जुनी पुन्हा ऐकायला आवडते, आणि चुकले तर तीच दुरुस्त करतात. वर्षाच्या चार-पाच तारखा आधी ठरवून ठेवाव्यात. ८ ऑगस्ट असली, तर गवालिया टँकच्या मैदानावरून घुमलेले "क्विट इंडिया" हे शब्द मुंबईचे तेव्हाचे महापौर युसूफ मेहेरअली यांनी सुचवले होते, हे सांगावे. १ मे असली, तर बार्शीचे शाहीर अमर शेख आणि त्यांचा डफ. १२ जानेवारी आमच्याकडे कधी चुकत नाही. १९३१ साली त्या दिवशी येरवड्यात सोलापूरच्या चौघांना फाशी दिले. सोलापूरला जाणे झाले, तर चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी मुलांना घेऊन थांबा आणि नावे त्यांनाच मोठ्याने वाचू द्या: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन.