कृपा, श्रद्धा व सत्कर्मे (ख्रिस्ती धर्मविचार)

कृपा, श्रद्धा व सत्कर्मे : ख्रिस्ती धर्मशास्त्रातील परस्परसंबद्ध अशा तीन मूलभूत संकल्पना. माणसाचे तारण ईश्वराच्या कृपेने होते, हे ख्रिस्ती धर्मातील सर्व प्रमुख पंथांना मान्य आहे. मतभेद आहे तो त्या कृपेचा स्वीकार माणूस कसा करतो आणि त्याच्या सदाचरणाला तारणात कोणते स्थान आहे, यासंबंधी. वरवर पाहता हा प्रश्न पंडिती वाटतो. परंतु सोळाव्या शतकात पश्चिम यूरोपातील ख्रिस्ती समाज ज्या वादांमुळे दुभंगला, त्यांच्या केंद्रस्थानी हाच वाद होता. मरणोन्मुख माणसाने कशाचा भरवसा धरावा, स्वतःच्या पुण्याईचा की परमेश्वराच्या दयेचा, हे त्यात पणाला लागलेले होते.

नव्या करारातील कृपा या अर्थाचा ‘खारिस’ हा ग्रीक शब्द घेणाऱ्याची पात्रता न पाहता दिलेले दान सुचवितो. ‘पिस्टिस’ या शब्दात विश्वास, भरवसा व निष्ठा या तिन्ही छटा आहेत. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘विश्वास’ हा शब्द रूढ झाला आहे. एखाद्या मताला बुद्धीने दिलेली संमती एवढाच त्याचा अर्थ नव्हे. सत्कर्मांचा विचार करताना भारतीय वाचकाच्या मनात कर्मविपाकाची व पुनर्जन्माची कल्पना सहज येते. ती येथे अभिप्रेत नाही. दानधर्म, प्रार्थना, उपवास, रोग्यांची व दीनांची सेवा आणि ईश्वराच्या आज्ञांचे पालन, एवढाच येथे अर्थ आहे.

नव्या करारातील विचार : या विषयाचे पहिले सुसूत्र विवेचन सेंट पॉलच्या पत्रांत, विशेषतः गलतीकरांस आणि इ. स. ५७ च्या सुमारास रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत आढळते. त्याच्यापुढील प्रश्न व्यवहारातला होता. यहुदीतर लोक ख्रिस्ती होऊ लागले, तेव्हा त्यांनी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळलेच पाहिजे, असा काहींचा आग्रह होता. पॉलने उत्तरादाखल अब्राहमाची कथा पुढे केली. ‘उत्पत्ति’ या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात अब्राहम ईश्वराच्या वचनावर विश्वास ठेवतो व तेवढ्यावरून नीतिमान गणला जातो. सुंतेची आज्ञा त्याला मिळते ती सतराव्या अध्यायात. तेव्हा विधी आधी नसून विश्वास आधी आहे, असा पॉलचा युक्तिवाद आहे.

याकोबाच्या पत्रात हाच अब्राहम उलट बाजूने साक्षीस उभा केला आहे. पुत्र इसहाक याला वेदीवर ठेवण्याची त्याची तयारी, म्हणजेच त्याची कृती, हे त्याच्या नीतिमत्त्वाचे कारण असे हे पत्र सांगते. उघड्या, भुकेल्या बांधवाला काही न देता नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्याचा विश्वास निर्जीव आहे आणि ईश्वर एकच आहे असे तर भुतेही मानतात, हा त्यातील सूर आहे. हा विरोध दिसतो तितका खोल नाही, असे बहुसंख्य भाष्यकार मानतात. पॉल ज्या कर्मांचा निषेध करतो, ती तारणाची अट म्हणून लादलेली कर्मे होत. याकोब ज्या विश्वासाचा निषेध करतो, तो कोरडा शब्दविश्वास होय. प्रेमाच्या द्वारे कार्य करणारा विश्वास पॉललाही अपेक्षित आहेच.

ऑगस्टीन व पेलेजिअस : पाचव्या शतकाच्या आरंभी रोममधील नैतिक शैथिल्याने अस्वस्थ झालेल्या पेलेजिअस या ब्रिटनमधून आलेल्या तपस्व्याने असे प्रतिपादले, की ईश्वर अशक्य ते सांगत नाही, तेव्हा आज्ञापालनाचे सामर्थ्य माणसाच्या ठायी असलेच पाहिजे. त्याचा हेतू निःसंशय प्रामाणिक होता. परंतु उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याला स्वतःच्या पूर्वायुष्यावरून उमगले होते, की चांगले कळूनही इच्छाशक्ती जखडलेली राहते व ती मुक्त करण्यास कृपाच लागते. कार्थेजच्या (४१८) व एफेससच्या (४३१) परिषदांनी पेलेजिअसचे मत निषिद्ध ठरविले. विश्वासाचा प्रारंभदेखील कृपेनेच होतो, असा निर्णय ऑरेंज येथील परिषदेने ५२९ मध्ये दिला. मात्र ईश्वर कोणाला दुष्कृत्यासाठी पूर्वनियोजित करतो, हे मत तिने स्पष्टपणे धिक्कारले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत हा वाद या स्वरूपात उद्‌भवलाच नाही. तेथे तारणाची कल्पना न्यायालयातील निवाड्यापेक्षा रोगमुक्तीसारखी व दैवी जीवनातील सहभागासारखी केली जाते आणि त्यात कृपा व मानवी प्रयत्न यांचे सहकार्य गृहीत धरले जाते.

धर्मसुधारणा व ट्रेंट : मध्ययुगात टॉमस अक्वाय्नसने (सु. १२२५–७४) या विषयाची काटेकोर मांडणी केली, प्रेमाने आकार दिलेली श्रद्धा तीच तारक, असे त्याचे मत होते. लोकव्यवहार मात्र वेगळ्या दिशेने गेला. क्षमापत्रे ही शास्त्रदृष्ट्या पापाच्या ऐहिक दंडापुरती सूट होती; पण रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी जर्मनीत त्यांचा प्रसार झाला, तेव्हा पैसे देऊन तारण मिळते अशी सामान्यांची समजूत झाली. मार्टिन ल्यूथरने (१४८३–१५४६) १५१७ मध्ये त्याविरुद्ध ९५ सिद्धांत मांडले. त्याची मूळ व्यथा आर्थिक नव्हती. मठवासी असताना कितीही व्रते केली, तरी ती पुरेशी झाली हे कळावे कसे, या भयाने तो ग्रासला होता. ईश्वराचे नीतिमत्त्व म्हणजे शिक्षा करणारा न्याय नसून विश्वासणाऱ्याला फुकट मिळणारे दान आहे, असे रोमकरांस लिहिलेल्या पत्रावरून त्याला प्रतीत झाले. १५२२ च्या आपल्या जर्मन भाषांतरात त्या पत्रातील एका वचनात त्याने ‘केवळ’ हा मुळात नसलेला शब्द घातला आणि जर्मन भाषेच्या वळणाला तो आवश्यक आहे, असे त्याचे समर्थन केले. याकोबाचे पत्र त्याला हलक्या मोलाचे वाटे, यात नवल नाही. तथापि तो सत्कर्मांचा शत्रू नव्हता. १५२० मध्ये त्याने त्यांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. झाड चांगले असले की फळे चांगली येतात, फळांनी झाड चांगले होत नाही, हे त्याचे म्हणणे.

ट्रेंटच्या परिषदेने जानेवारी १५४७ मध्ये यावर सविस्तर निर्णय जाहीर केला. श्रद्धा हा तारणाचा आरंभ व मूळ आहे आणि पूर्वपुण्याईने कोणी कृपेला पात्र होत नाही, हे तिनेही मान्य केले. परंतु माणूस कृपेला मुक्तपणे होकार देतो, त्याचे नीतिमत्त्व केवळ ‘गणलेले’ नसून अंतरंगाचे खरे नवीकरण असते व सत्कर्मांनी ते वाढते, असे तिने ठासून सांगितले. प्रॉटेस्टंटांनी कॅथलिकांना तारण विकत घेणारे म्हटले, तर कॅथलिकांनी प्रॉटेस्टंटांना अनाचाराला मोकळीक देणारे. दोन्ही चित्रे अन्यायाची होती.

पुढे प्रत्येक गोटातही हाच तिढा पुन्हा उद्‌भवला : कॅथलिकांत मोलिना व बान्येस यांच्या अनुयायांत आणि नंतर जॅन्सेनवाद्यांच्या रूपाने, कॅल्व्हिनपंथीयांत आर्मिनिअसच्या मतांवरून, ज्यांचा निषेध डॉर्टच्या परिषदेने (१६१८-१९) केला. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने विश्वास व जीवनशुद्धी यांची पुन्हा सांगड घातली. नाझींनी १९४५ मध्ये फाशी दिलेला जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर याने १९३७ च्या आपल्या ग्रंथात, आज्ञापालनाविना मिळते असे मानलेल्या कृपेला ‘स्वस्त’ म्हणून हिणविले. तो स्वतः ल्यूथरपंथी होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च व ल्यूथरन जागतिक संघ यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि सोळाव्या शतकातील परस्परनिषेध त्यात मांडलेल्या शिकवणीस लागू होत नाहीत, असे मान्य केले. मेथडिस्ट (२००६) व रिफॉर्म्ड (२०१७) चर्चसंघही त्यात सामील झाले. काही ल्यूथरन विद्वानांनी मात्र त्यास विरोध केला.

महाराष्ट्रातील संदर्भ : श्रीवैष्णवांच्या मार्जारकिशोर व मर्कटकिशोर या न्यायांशी वरील वादाची तुलना अनेकदा केली जाते. पिलू आईला बिलगते की आई पिलाला उचलते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखा आहे; ख्रिस्ती विचारात मात्र कृपा येशूच्या क्रूसावरील मृत्यूशी बांधलेली आहे. मराठी ख्रिस्ती अनुभवातील बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) होय. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला व १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. तारण हे कमवावयाचे नसून स्वीकारावयाचे दान आहे, याची प्रतीती त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आली. या प्रतीतीने त्यांचे काम मंदावले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले.