ऊलाँग चहास फुलांची वासना

संस्कृतांत ‘वासना’ या शब्दाचा अर्थ केवळ इच्छा असा नव्हे. तीळ व सुगंधी फुलें यांचे थर एकावर एक रचून ठेवले म्हणजे फुलांचा वास तिळांत उतरतो, आणि फुलें काढून टाकल्यावर त्या तिळांचें तेल काढलें तरी तो त्यांत राहतो. वासना ती हीच. बौद्ध विज्ञानवाद्यांनीं चित्तावरील संस्कार समजाविण्यास हाच दृष्टान्त घेतला. चहाचें पान या बाबतींत तिळाच्या जातीचें आहे. शेजारीं जें असेल त्याचा वास तें उचलतें. हिंगाच्या डब्याजवळ चहाचा डबा ठेवणाऱ्या गृहिणीस हें सांगावयास नको. चिनी लोकांनीं या अवगुणाचाच गुण करून घेतला.

हिरव्या चहाचें पान खुडल्यानंतर लवकरच तापवितात, त्यामुळें तें हिरवें राहतें. आपल्या नेहमींच्या काळ्या चहाचें पान हवा लागून पुरतें तांबूस होऊं देतात. ऊलाँग या दोहोंच्या मधला. त्याचीं पानें उन्हांत कोमेजवून टोपल्यांत घोळतात. कडा खरचटतात व तांबूस होऊं लागतात, मधला भाग हिरवाच असतो. मग कारागीर योग्य क्षणीं तीं तापवून ती क्रिया थांबवितो. लवकर थांबविली तर चहास फुलांचा वास येतो. उशिरां थांबवून वर निखाऱ्यांवर भाजला तर पिकल्या फळाचा. तैवानांतील ‘ओरिएंटल ब्यूटी’ नांवाच्या ऊलाँगास तर तुडतुडे चावल्यामुळेंच मधाचा व फळाचा गंध येतो, आणि म्हणून तेथील बागवान त्या किड्यांस मारीत नाहींत! तात्पर्य, ऊलाँगांत फुलें व फळें आधींच वस्तीस असतात. वरून घालावयाचा वास त्यांच्या नात्यांतला असावा, एवढेंच आमचें म्हणणें.

फूज्यान प्रांतांतील फूजौ शहर मोगऱ्याच्या चहाबद्दल प्रसिद्ध आहे. मोगऱ्याचें चिनी नांव ‘मोली’ हें आपल्या ‘मल्लिका’ शब्दापासून झालेलें मानतात. तेथें कळ्या दुपारीं खुडतात, कारण त्या रात्रीं उमलतात व तेव्हांच वास सोडतात. उमलत्या कळ्या कोरड्या चहांत मिसळून ढीग करितात. तो तापला म्हणजे पसरून निववितात. सकाळीं फुलें चाळून काढतात, पान ओलसर झालेलें असतें तें वाळवितात, आणि नवीं फुलें घेऊन पुन्हां तोच क्रम. असे संस्कार अनेकदां होतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनें इ. स. २०१४ मध्यें या पद्धतीस कृषिवारशाचा मान दिला.

फूजौस हें मुख्यतः हिरव्या चहावर करितात. ऊलाँगाचा संबंध आला तो व्यापारांतून. इ. स. १८६९ मध्यें जॉन डॉड या ब्रिटिश व्यापाऱ्यानें तैवानचा ऊलाँग दोन जहाजांतून न्यूयॉर्कला पाठविला व त्याचें नांव झालें. पण १८७३ मध्यें मागणी बसली. पडून राहिलेला माल तेव्हां सामुद्रधुनीपलीकडे फूजौस नेऊन फुलांत घोळविला, आणि ‘पाओचुंग’ म्हणून विकला. पुढें तो तैवानांतच होऊं लागला. आजचा पाओचुंग बहुधा फुलांवांचूनच करितात, तरी त्यास फुलांचा वास असतो. कारागिरांनीं तो पानांतूनच काढावयास शिकून घेतलें.

फूल हें असें पडत्या मालास सांवरूं शकतें, तसें वाईट माल झांकूंहि शकतें. ही तक्रार जुनी आहे. अकराव्या शतकांत त्सै श्यांग या चिनी अधिकाऱ्यानें चहावरील आपल्या ग्रंथांत लिहिलें कीं, चहास स्वतःचा खरा सुगंध असतो. राजाकडे जाणाऱ्या चहांत भीमसेनी कापरासारखा कापूर मिसळतात, पण चहाच्या गांवचे लोक तसें करीत नाहींत. आज कापराच्या जागीं बाटलींतले अर्क आले. तैवानांत १९८१ मध्यें प्रसृत झालेल्या ‘जिनश्वान’ जातीस स्वभावतःच सायीसारखा हलका गंध आहे. बाजारांत मात्र ‘दुधाळ ऊलाँग’ म्हणून अर्क फवारलेला चहा पुष्कळ विकतात. पुडी उघडतांच खोलीभर वास सुटला, तर आम्ही ती परत करावी असें म्हणूं.

फळांचें प्रकरण अवघड आहे. फळांत पाणी फार, आणि ओलावा म्हणजे बुरशी. म्हणून ताजी फोड चहाच्या डब्यांत घालूं नये. संत्र्याची साल आंतील पांढरा भाग काढून कडकडीत वाळवावी व भाजलेल्या, गडद ऊलाँगांत मिसळावी. चीनमध्यें ‘गुइहुआ’ नांवाचीं बारीक पिवळीं फुलें वापरतात. त्यांचा वास पिकल्या जर्दाळूसारखा असल्यामुळें फळाची हौस फुलानेंच भागते.

घरीं करून पाहावयाचें तर उन्हाळ्यांत मोगऱ्यानें करावें. दार्जिलिंग व निलगिरींतहि ऊलाँग होतो. हलका, हिरवट असा घ्यावा. सायंकाळीं अंगणांतल्या कोरड्या कळ्या चहाच्या निम्म्या वजनानें घेऊन थर रचावे व रात्रभर झांकून ठेवावे. सकाळीं सर्व फुलें निवडून टाकून पान मंद आंचेवर चुरचुरीत होईपर्यंत वाळवावें. बाजारचे गजरे उपयोगाचे नाहींत; त्यांवर पाणी मारलेलें असतें, आणि झाडांवर काय फवारलें होतें तें विकणाऱ्यासहि ठाऊक नसतें. दूध घालूं नये. तींच पानें तीन-चार वेळां चालतात. मोगरा पहिल्या दोन पेल्यांत अधिक लागतो.