अनुदान सर्वांचे, मग बागेचे फाटक बंद का?

१९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहावयास निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासात सर्वजण धुळीने माखले होते म्हणून त्यांनी तेथील हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटविला असा गिल्ला झाला. अखेर किल्ला पाहू दिला तो सशस्त्र शिपाई बरोबर देऊन, पाण्याला कोठे हात लागू नये म्हणून! चार घटका मोकळेपणाने फिरणे हा इतरांसाठी विरंगुळा असेल, आमच्यासाठी तो हक्काचा प्रश्न राहिला आहे.

या प्रश्नाची किल्ली तिजोरीत असते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव संमत करून घेतला, की सरकारी पैशातून बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठरावही केला, पण तो कागदावरच राहिला. म्हणून ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी दुसरा ठराव मांडला : ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिला ठराव पाळणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. त्यानंतर सातच महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले.

हाच धागा पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये आला. पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक ठिकाणे वापरण्यास धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही अटकाव करता येत नाही. यातला ‘अंशतः’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. बाग ठेकेदार चालवीत असला, तरी तिच्यात सरकारचा पैसा आहे तोवर हे कलम तिला लागू आहे.

आणि पैसा तर आहेच! जून २०१५ मध्ये केंद्राने ५०० शहरांसाठी ५० हजार कोटींची ‘अमृत’ योजना आणली. तीत राज्याच्या वार्षिक आराखड्याच्या अडीच टक्क्यांपर्यंत रक्कम उद्यानांसाठी ठेवली. २०२१ च्या ‘अमृत २.०’ मध्येही उद्याने आहेत. बागा व क्रीडांगणे पुरविणे हे संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत लिहिलेले आहे.

मग अडते कोठे? आज फाटकावर कोणी जात विचारीत नाही, तिकीट विचारतो. फाटक सोसायट्यांच्या बाजूला आणि वस्तीच्या बाजूला उंच भिंत. सफाई कामगार व घरकाम करणाऱ्या भगिनींना दुपारी घटकाभर सावली हवी असते, नेमके तेव्हाच कुलूप! ‘चेंडू खेळू नये’ ही पाटी वाचून आमची मुले पुन्हा रस्त्यावर क्रिकेट खेळतात. ज्यांच्या हातांनी बाग झाडली जाते, त्यांचीच लेकरे बाहेर. याला काय म्हणावे?

आमचे म्हणणे एवढेच, की बोले यांनी १९२६ साली मागितलेली अट आज उद्यानांच्या अनुदानाला लावा. वस्तीच्या बाजूने फाटक, प्रवेश मोफत, दुपारीही बाग उघडी आणि मुलांना खेळायला मोकळी जागा. हे होत नाही तोवर शेवटचा हप्ता देऊ नये. उद्घाटनाच्या पाटीवरील कोटींचा आकडा म्हणजे लोकांचा प्रवेश नव्हे.

जयंतीसाठी घरोघर फिरणाऱ्या आमच्या तरुणांनी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली एक अर्ज नगरपालिकेत टाकावा : आमच्या प्रभागातील बागेला किती अनुदान आले, तिकीट कोणाच्या ठरावाने लागले, वेळा कोणी ठरविल्या? उत्तर हाती आले, की ते घेऊन सर्व वस्तीने फाटकाशी जावे. महाडला आपली माणसे अशीच रांगेने गेली होती.