भार, वाट आणि हवा

बैलगाडीच्या चाकावर चढविलेली लोखंडी धाव किती जाड व किती रुंद असावी, हें गाडींत भरावयाचा माल आणि गाडीची नेहमींची वाट पाहूनच ठरवावें लागतें. धावेची जागा रबरी टायरनें घेतली, तरी हे दोन प्रश्न सुटले नाहींत. उलट त्यांत हवेच्या दाबाचा तिसरा प्रश्न मिळाला. या तिन्ही प्रश्नांचा निकाल एकदमच लावावा लागतो असें एक वाहन अमेरिकेंत घरोघर आढळतें. तें म्हणजे जड पिकअप.

पिकअप म्हणजे पुढें माणसांची बैठक व मागें मालासाठीं उघडा हौदा असलेली गाडी. फोर्डची एफ-२५० किंवा रॅम २५०० या तिच्या जड वर्गांतील प्रसिद्ध गाड्या होत. गाडी, माणसें व माल मिळून त्यांचें एकूण वजन साडेचार हजार किलोग्रॅमच्या घरांत जातें. आठवडाभर अशी गाडी डांबरी महामार्गावर सामान वाहते. आणि सुटी आली कीं धनी तिला यूटा राज्यांतील मोॲब गांवाजवळच्या लाल खडकांवर, नाहीं तर कोलोराडोच्या डोंगरांतील जुन्या खाणवाटांवर घेऊन जातो. दोन्हीं ठिकाणीं टायर तेच! म्हणून त्यांची निवड हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाहीं.

अशा गाड्यांच्या टायरांचे ठोकळमानानें तीन वर्ग पडतात. पहिला केवळ रस्त्याचा. दुसरा केवळ चिखलाचा. आणि तिसरा या दोहोंमधला, ज्यास 'ऑल-टेरेन' म्हणजे सर्व प्रकारच्या जमिनीचा टायर असें नांव आहे. बीएफगुडरिच या कारखान्यानें १९७६ सालीं याच नांवाचा रेडियल टायर बाजारांत आणिला. पुढें इतरहि कारखाने तसे टायर करूं लागले, आणि आतां तर त्यांची एवढी गर्दी झाली आहे कीं, दुकानांत गेलेला गिऱ्हाईक नक्षी पाहूनच भुलतो. पण दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते.

टायरवरील नक्षी शोभेची नव्हे. रबराचे ठोकळे जमीन धरतात, आणि त्यांमधील मोकळ्या खाचा चिखल, पाणी व खडे बाहेर टाकतात. खाचा रुंद व खोल केल्या कीं चिखलांत चाक मोकळें राहतें. परंतु डांबरावर टेंकणारें रबर त्याच मानानें कमी होतें. उंच ठोकळे वळणावर लवतात, आवाज वाढतो, झीज लवकर होते, आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागतें. जो मनुष्य दहांपैकीं नऊ दिवस महामार्गावरच असतो, त्यानें चिखलाचा टायर घेणें म्हणजे एका दिवसाच्या सोयीसाठीं नऊ दिवसांची गैरसोय विकत घेणें होय. त्याला मधला वर्गच योग्य. त्याच्या ठोकळ्यांवर सुरीनें चिरल्यासारख्या बारीक रेघा असतात. त्यांच्या कडांमुळें ओल्या रस्त्यावर व बर्फावर पकड मिळते. ज्या टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर व त्यांत हिमकण असें चिन्ह असेल, तो बर्फावरील पकडीच्या ठराविक कसोटीस उतरलेला असतो. नुसतीं 'एम' व 'एस' हीं अक्षरें तेवढी ग्वाही देत नाहींत.

तथापि नक्षीचा विचार दुसरा. पहिला विचार भाराचा. टायरच्या बाजूवर 'एलटी २७५/७० आर १८, १२५/१२२ एस' अशा तऱ्हेचा मजकूर उमटविलेला असतो. तो वाचतां येणें ही खरेदीची पहिली पायरी होय. 'एलटी' म्हणजे हलक्या मालगाडीचा टायर. २७५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ७० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा ७०. 'आर' म्हणजे रेडियल रचना. आणि १८ हा आंतील चाकाचा इंचांतील व्यास. पुढचा १२५ हा भाराचा संकेतांक असून त्याचा अर्थ एका टायरवर १,६५० किलोग्रॅम. १२२ म्हणजे १,५०० किलोग्रॅम. पण तो आंसाच्या प्रत्येक टोंकास दोन-दोन टायर जोडीनें बसविले असतां लागू होतो. शेवटचें 'एस' हें ताशीं १८० किलोमीटर वेगाची मर्यादा दाखवितें. याखेरीज 'ई' हें अक्षर आढळल्यास टायर पूर्वींच्या दहा पदरी सुती टायरच्या तोडीचा समजावा. आतां आंत दहा पदर नसतात, तरी दर चौरस इंचास ८० पौंडांपर्यंत हवेचा दाब घेऊन जड भार पेलण्याची ताकद त्यांत असते.

या अंकांचें महत्त्व एका हिशेबावरून ध्यानांत येईल. समजा, मालासकट गाडीच्या मागील आंसावर २,९०० किलोग्रॅम भार येतो. म्हणजे प्रत्येक टायरवर १,४५० किलोग्रॅम, आणि त्यास निदान १२१ हा संकेतांक हवा. आतां एखाद्यानें साध्या मोटारीच्या जातीचा, ११६ संकेतांकाचा टायर स्वस्त मिळाला म्हणून घेतला. ११६ म्हणजे १,२५० किलोग्रॅम. शिवाय मोटारीचा टायर पिकअपला लावल्यास त्याची क्षमता १.१ नें भागून धरावी, असा नियम आहे. म्हणजे उरले सुमारें १,१३६. दोन टायर मिळून २,२७२ किलोग्रॅम, आणि भार २,९००! टायर चाकावर चपखल बसतो, नक्षीहि राकट दिसते; पण प्रत्येक फेरीला त्याच्यावर सवाशेर भार पडत असतो.

असें झाल्यास काय घडतें? भारापुढें दुबळा पडलेला किंवा हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेरीबरोबर प्रमाणाबाहेर दबतो व पुन्हां फुगतो. या घुसळणीनें उष्णता निर्माण होते, आणि पोलादी तारांचे पट्टे व रबर यांमधील सांधा सुटूं लागतो. ऑगस्ट २००० मध्यें फायरस्टोन कंपनीनें सुमारें ६५ लाख टायर परत मागविले. त्यांतील बरेचसे फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. धांवत्या गाडीच्या टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटत, आणि अशा अपघातांत अडीचशेंहून अधिक मृत्यु झाल्याची नोंद सरकारी खात्यानें केली. चौकशींत टायरच्या रचनेंतील दोष पुढें आला; पण उन्हाळा, वेग, भार व हवेचा कमी दाब या गोष्टी अशा दोषास किती घातक रीतीनें हातभार लावितात, हेंहि त्या वेळीं सर्वांना कळून आलें. त्याच वर्षीं अमेरिकेच्या काँग्रेसनें कायदा केला, आणि पुढें नव्या हलक्या वाहनांत दाब घटल्याची सूचना देणारें यंत्र सक्तीचें झालें. परंतु ४,५३६ किलोग्रॅमहून अधिक एकूण वजनाच्या गाड्यांस ती सक्ती लागू नाहीं. जड पिकअपच्या धन्यानें म्हणूनच दाबमापक स्वतःपाशीं बाळगावा, आणि टायर थंड असतांनाच दाब मोजावा.

आतां गंमत अशी कीं, महामार्गावर जो कमी दाब घात करितो, तोच वाळूंत उपकारक ठरतो. हवा कमी केली कीं टायर लांबट पसरतो. उंटाच्या पायाप्रमाणें भार अधिक जागेवर वांटला जातो, आणि चाक रुतत नाहीं. खडकावर तोच मऊ टायर उंचवट्याला लपेटून धरतो, व अणकुचीदार दगड त्यांत सहजासहजीं घुसत नाहीं. तथापि यालाहि मर्यादा आहे. हलक्या जीपचा चालक दाब जितका खालीं नेतो, तितका जड पिकअपला सोसत नाहीं. टायरची कड चाकावरून निसटते किंवा बाजूची भिंत दगड आणि चाक यांच्यामध्यें चिरडते. म्हणून दाब थोडा थोडा उतरवावा, वेग अगदीं मंद ठेवावा, आणि डांबरी रस्ता लागतांच, पुढचा मैलभरहि न जातां, पंपानें हवा पूर्ववत् भरावी. पंप नसेल तर हवा काढूंच नये.

मोठ्या आकाराचा मोहहि आवरावा. वर सांगितलेल्या टायरचा व्यास सुमारें ८४ सेंटिमीटर असतो. त्याच्या जागीं ८९ सेंटिमीटरचा टायर बसविला, तर वेगदर्शक काटा १०० दाखवीत असतां गाडी प्रत्यक्षांत १०५ च्या पुढें धांवत असते. टायर जड झाल्यानें ब्रेकला अधिक श्रम पडतात, इंधन अधिक जळतें, आणि वळतांना टायर गाडीच्या अंगाला घासतो तें वेगळेंच. चारी टायर एकाच मापाचे व एकाच जातीचे असावेत, व पांचवा राखीव टायरहि त्याच मापाचा घ्यावा. अन्यथा चारी चाकांना एकदम गति देणाऱ्या यंत्रणेवर नाहक ताण येतो. खरेदीच्या वेळीं बाजूवरील 'डॉट' या अक्षरांमागील शेवटचे चार अंक अवश्य पाहावेत. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. टायर नवा दिसला तरी दुकानांत तो वर्षानुवर्षें पडलेला नाहीं ना, हें त्यावरून कळतें.

एवंच, निवडीचा क्रम ठरलेला आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कारखान्यानें लावलेल्या पत्र्यावर टायरचें माप, प्रत्येक आंसाचा कमाल भार व हवेचा दाब दिलेला असतो. तो आधीं उतरून घ्यावा. मग वर्षांतील किती दिवस डांबरावर व किती दिवस रानांत जातात, याचा प्रामाणिक हिशेब मांडावा. हा कागद हातीं धरून दुकानांत शिरावें, आणि नक्षी सर्वांत शेवटीं पाहावी.