बघा, पण ठेवू नका

खरिपाच्या तोंडावर पुलगाव-नाचणगाव पट्ट्यातला कपाशीचा शेतकरी कर्जासाठी बँकेत जातो, तेव्हा हातात झेरॉक्सचा गठ्ठा असतो. त्यात सातबारा, आठ-अ, पासबुकाची पानं आणि आधार असतं. कर्ज मिळो न मिळो, गठ्ठा तिथंच राहतो. कोणाच्या कपाटात आणि किती वर्षं, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्या सहीमुळे उतारा खरा आहे याची खात्री पटते. मात्र तो कोणी आणि कधीपर्यंत वापरायचा, याबद्दल सही काहीच सांगत नाही.

ॲपवरून कर्ज मागणाऱ्याची गत मध्यंतरी याहून वाईट होती. खात्याचे व्यवहार पाहण्यासाठी काही ॲप्स थेट नेटबँकिंगचा पासवर्डच मागत. पासवर्ड दिला की पाहण्याचा आणि पैसे हलवण्याचा असे दोन्ही अधिकार एकदमच दिले जात, आणि तेही बिनमुदतीचे.

यावर रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०१६ रोजी तोडगा काढला. खातेदाराच्या संमतीने त्याचा डेटा बँकेकडून कर्ज देणाऱ्या संस्थेकडे नेणाऱ्या 'अकाउंट ॲग्रिगेटर' नावाच्या मध्यस्थ कंपन्यांसाठी तिने नियम जारी केले. प्रत्यक्ष व्यवस्था सुरू व्हायला पुढची पाच वर्षं गेली. २ सप्टेंबर २०२१ रोजी स्टेट बँकेसह आठ बँका तिच्यात सामील झाल्याचं जाहीर झालं. पुण्याची 'फिनव्हू' ही अशा मध्यस्थांपैकीच एक.

या व्यवस्थेचा गाभा म्हणजे एक डिजिटल संमतीपत्र. कोणता डेटा, कोणाला, कशासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, एकदाच की दरमहा, हे सगळं त्यात यंत्राला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेलं असतं आणि त्यावर डिजिटल सही असते. त्यातला एक रकाना फार महत्त्वाचा आहे. डेटा नुसता 'पाहायचा' की 'साठवायचा', हे त्यात ठरतं. डेटाचं आयुष्य किती, यासाठीही वेगळा रकाना आहे.

पुढचं काम गणिताचं. कर्ज देणारी संस्था प्रत्येक मागणीसाठी नवी किल्ल्यांची जोडी तयार करते. खातेदाराची बँक 'कर्व्ह २५५१९' या वक्राच्या आधारे दोघांनाच काढता येईल अशी समाईक किल्ली तयार करते आणि तिने व्यवहार कुलूपबंद करून पाठवते. मध्यस्थाकडे ती किल्ली नसते, त्यामुळे आपण काय वाहून नेतोय हे त्याला वाचताच येत नाही. संमतीची तारीख उलटली किंवा तुम्ही ती मागे घेतली, की पुढची मागणी फेटाळली जाते. त्यासाठी कोणा साहेबाची सही लागत नाही.

क्लाउडमधल्या सॉफ्टवेअरमध्येही हीच रीत आहे. ग्राहकाची अडचण सोडवणाऱ्या तंत्रज्ञाला कायमचा पासवर्ड न देता मुदतीचं 'टोकन' दिलं जातं. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये अशी तात्पुरती ओळख पंधरा मिनिटांपासून बारा तासांपर्यंत चालते. मुदत छोटी ठेवण्यामागे कारण आहे. सही केलेलं टोकन एकदा बाहेर पडलं की अनेक यंत्रणा फक्त सही आणि वेळ तपासतात. मूळ मालकाला पुन्हा विचारत नाहीत. असं टोकन चोरीला गेलं, तर ते निरुपयोगी होण्याची वाट पाहण्यावाचून फारसं काही हातात उरत नाही.

एवढं करूनही एक भोक उरतं, आणि त्याबद्दल जाहिरातींत कोणी बोलत नाही. 'ऑक्टा' ही अमेरिकी कंपनी हजारो संस्थांची लॉगिन व्यवस्था सांभाळते. जानेवारी २०२२ मध्ये तिच्या कंत्राटदाराकडच्या एका मदतनीस इंजिनिअरचा संगणक 'लॅप्सस' टोळीने ताब्यात घेतला. ऑक्टाच्या अंतिम चौकशीनुसार हा ताबा २५ मिनिटांचा होता आणि दोन ग्राहकांचा डेटा पाहिला गेला. चोरांना ना पासवर्ड बदलता आला, ना कुठली सेटिंग. मर्यादित अधिकारांनी आपलं काम चोख केलं. तरीही मार्चमध्ये त्या पडद्यांचे स्क्रीनशॉट टेलिग्रामवर झळकले.

म्हणजे मुदत यंत्राला पाळायला लावता येते, 'फक्त पाहा' ही अट नाही. जे डोळ्यांना दिसतं त्याचा फोटो निघतोच, आणि उघडलेला डेटा पुन्हा कुलूपबंद करणारं गणित अजून कोणाकडे नाही. संमतीपत्रातला 'पाहा' हा शब्द खरं तर संस्थेने दिलेलं वचन आहे. ते मोडलं हे कळायला कोणी, केव्हा, काय उघडलं याची नोंद लागते, आणि मोडणाऱ्याला धाक बसायला कायदा लागतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हलगर्जीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं, असं तो बजावतो. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची सवड मिळाली. इतकी ऐसपैस सवड पीककर्जाच्या हप्त्याला कोणी दिल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा ट्रॅक्टरसाठी असो की किराणा दुकानासाठी, मोबाइलवर संमतीचा पडदा आला की 'मंजूर' दाबण्याआधी त्यातली शेवटची तारीख वाचा. एकदाच्या कर्जासाठी दरमहा डेटा कशाला हवा, हे विचारा. कर्ज नाकारलं गेलं किंवा फिटलं, की त्याच ॲपमध्ये जाऊन संमती बंद करा. त्याने फक्त पुढचा डेटा थांबतो. आधी नेलेला पुसून टाकायला संस्थेला लेखी कळवा आणि त्या पत्राची पोच घ्या.